पाटी आंतरराष्ट्रीय, पण बालक सुरक्षित आहे काय?

शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द असणे, हे आता केवळ मुंबई-पुण्याचे वैशिष्ट्य राहिलेले नाही. मराठवाड्यात तालुक्याच्या रस्त्यांवरही अशा पाट्या दिसतात आणि पोटाला चिमटा घेऊन फी भरणारा शेतकरी पालकही त्या पाटीकडे मोठ्या आशेने पाहतो. खुद्द राज्य शासनालाही या शब्दाची भुरळ पडली होती. २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन झाले. जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्याला जोडल्या गेल्या आणि २०२१ मध्ये ते मंडळच गुंडाळले गेले. पाटी आली, पाटी गेली. त्या पाटीखालून रोज आत जाणाऱ्या बालकाचे काय, हा प्रश्न मात्र कायम राहिला.

या प्रश्नाचे भीषण उत्तर ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरने दिले. बालवर्गातील दोन चिमुरड्यांवर शाळेच्याच स्वच्छतागृहात सफाई कर्मचाऱ्याकडून अत्याचार झाला. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला संतप्त नागरिक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे यंत्रणा खडबडून जागी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि घटना कळूनही शाळेने ती पोलिसांना कळविली नाही, यावर कठोर ताशेरे ओढले. एका नराधमाच्या कृत्याइतकेच हे मौनही चिंताजनक आहे. बालकापेक्षा संस्थेची अब्रू मोठी मानण्याची वृत्ती त्या मौनामागे आहे.

वास्तविक २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने असे मौन हाच गुन्हा ठरविला आहे. घटनेची माहिती असूनही ती न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचे कृत्य दडविल्यास त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री’ समिती अनिवार्य केली. अंगणवाडी सेविका, महिला डॉक्टर, पोलीस पाटील, पालक आणि विद्यार्थी यांना तिच्यात स्थान दिले. बदलापूरनंतर कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, २४ तासांत शिक्षण विभागाला माहिती, असे आदेशही निघाले. कायद्याची वाण नाही. वाण आहे ती बालकाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणाऱ्या माणसाची. इंग्लंडमध्ये प्रत्येक शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी एका वरिष्ठ व्यक्तीवर नावानिशी सोपवावी लागते. पाश्चात्त्यांच्या गणवेशाचे आणि टायचे अनुकरण करणाऱ्या किती शाळांनी ही व्यवस्था उचलली?

आता हाच प्रश्न कुंभार पिंपळगावच्या परिसरात नेऊन पाहावा. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेल्या जांबच्या घनसावंगी तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. या भागातून ऊसतोडीसाठी कुटुंबे स्थलांतर करतात. अर्धे वर्ष फडावर काढून परतलेले मूल वर्गात मागे पडते, मागच्या बाकावर बसते आणि हळूहळू कोणाचेच उरत नाही. दिव्यांग मुलाची स्थितीही बहुधा तीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वांसोबत शिकण्याचा हक्क त्याला दिला; पण पटावर नाव असणे वेगळे आणि वर्गात आपलेपणा लाभणे वेगळे. ज्याला मित्र नाही, ज्याचे पालक शाळेत यायला बिचकतात, तेच मूल दुष्टांच्या नजरेला सर्वांत सोपे सापडते. म्हणूनच सर्वांना सामावून घेणे आणि सुरक्षितता हे दोन विषय नाहीत. तो एकच विषय आहे.

येथे आणखी एक धोका आहे. शाळेवरचा विश्वास उडाला, की खेड्यातला पालक प्रथम मुलीला घरी बसवितो आणि घरी बसलेल्या मुलीचे लग्न लवकर ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाले, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते. शेजारच्या परभणीत ते ४८ आणि बीडमध्ये ४३ टक्क्यांहून अधिक होते. असुरक्षित शाळेची किंमत अशी पिढीला मोजावी लागते.

यावर उपाय खर्चिक नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. या मातांनी ‘सखी सावित्री’ समितीची बैठक शेवटची कधी झाली, तक्रारपेटी कोण उघडते, स्वच्छतागृहाकडे कोणाचे लक्ष असते, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. १०९८ हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा. शिक्षकांनी वर्गातल्या सर्वांत अबोल मुलाशी रोज दोन शब्द बोलावेत.

मडके घडविताना कुंभाराचा एक हात बाहेरून थापटतो, तर दुसरा आतून आधार देतो. आतला हात काढून घेतला, तर मडके फुटते. कुंभारांचेच नाव मिरविणाऱ्या गावाला हे सांगण्याची गरज नाही. शाळांना मात्र ते सांगावे लागेल.