आधी पुनर्वसन, मग लिलाव

संरक्षण, अवकाश, प्रसारण अशा सरकारी खात्यांकडचे ६८७ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम मोकळे करून मोबाइल सेवेसाठी वळवायला मंत्रिमंडळाने मान्यता दिल्याचे दूरसंचारमंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी २०२५च्या सुरुवातीला सांगितले. २०३० पर्यंत देशाला २००० मेगाहर्ट्झ लागतील, हातात आहेत जेमतेम ९००, असा त्यामागचा हिशेब. निर्णयाला नाव ठेवण्याचे कारण नाही. लहरी वापरल्याने झिजत नाहीत आणि न वापरल्याने साठतही नाहीत. पडून राहिलेला पट्टा रोज वाया जातो. दूरदर्शनने छपरावरच्या अँटेनांना कार्यक्रम पुरवणारी आपली जवळजवळ सगळी जुनी प्रक्षेपण केंद्रे बंद केली, तेव्हा कोणाचे काही अडले नाही. तरीही खात्यांकडचे पट्टे पडून राहतात, याचे कारण उघड आहे: कंपनीला लिलावात पैसे मोजावे लागतात, खात्याला लहरी मिळतात त्या लिलावाविना. मग ते त्या परत कशाला करील?

प्रश्न आहे तो मोकळे करण्याच्या रीतीचा. ती रीत आपण एकदा पाहिली आहे. थ्री-जीसाठी लष्कराने लहरी सोडाव्यात आणि त्या बदल्यात सरकारने तिन्ही दलांना देशभर स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचे जाळे विणून द्यावे, असा करार २००९ मध्ये दूरसंचार आणि संरक्षण या दोन खात्यांत झाला. देवाणघेवाण चोख होती. २०१० मध्ये लिलाव झाला, ३४ दिवस बोली चालली आणि एकट्या थ्री-जीचे सुमारे ६७,७०० कोटी रुपये तिजोरीत पडले. लष्कराच्या जाळ्यासाठी १३,३३४ कोटींना मंजुरी मिळायला मात्र २०१२ उजाडले. बीएसएनएलने सुमारे ६०,००० किलोमीटर केबल टाकायची होती. खर्च पुरेना, म्हणून २०१८ मध्ये आणखी ११,३३० कोटी मंजूर करावे लागले. तोवर थ्री-जी जाऊन फोर-जी घरोघरी पोचले होते.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा वाटू नये. कोयनेचे पाणी अडले, वीज निर्माण झाली, आणि विस्थापितांच्या पुढच्या पिढ्या सातबाऱ्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिल्या. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा त्याच अनुभवातून आली. येथे विस्थापित गरीब नाही, गणवेशातला आहे, एवढाच फरक. पण एकदा हात पोळलेले खाते दुसऱ्यांदा जागा सोडताना आढेवेढे घेणारच, आणि त्याला दर वेळी ‘राष्ट्रीय सुरक्षे’ची सबब म्हणून हिणवणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

अमेरिकेने २००४ मध्ये कायदाच केला: सरकारी संस्थेने लहरी सोडल्या तर तिच्या स्थलांतराचा खर्च लिलावाच्या पैशातल्या वेगळ्या निधीतून मिळेल, आणि त्या खर्चाच्या निदान ११० टक्के रक्कम उभी राहिली नाही तर लिलाव पुरा झाला असे धरलेच जाणार नाही. असे कलम आपल्याकडे का नसावे? लिलावाची सगळी रक्कम आधी एकत्रित निधीत जिरवायची आणि मग लष्कराने त्यातला वाटा अर्थखात्याकडे मागत बसायचे, या व्यवस्थेत विलंब ठरलेलाच आहे.

दुसरी गोष्ट कंपन्यांना आणि अर्थखात्याला, दोघांनाही आवडणार नाही. जून २०२४च्या लिलावात सुमारे १०,५०० मेगाहर्ट्झ विक्रीला होते. खपले १४१, आणि आले ११,३४० कोटी. त्याला कारणे अनेक असतील. दोन वर्षांपूर्वीच कंपन्यांनी दीड लाख कोटी मोजून फाइव्ह-जीची मोठी खरेदी केली होती, हेही खरे. पण एका खात्याकडून लहरी काढून घ्यायच्या आणि राखीव किंमत अशी ठेवायची की गिऱ्हाईकच फिरकू नये, याला नियोजन म्हणत नाहीत. त्यापेक्षा त्या लष्कराकडेच असलेल्या काय वाईट?

२०२३च्या दूरसंचार कायद्यातले सातवे कलम, पुरेशा कारणाशिवाय न वापरता पडून राहिलेले स्पेक्ट्रम काढून घेण्याचा अधिकार सरकारला देते. तो बडगा खासगी कंपनीला दाखवताना खात्यांनाही दाखवावा. संरक्षणाच्या वारंवारता गुप्त राहोत. कोणत्या खात्याकडे एकूण किती मेगाहर्ट्झ आहेत आणि त्यातले प्रत्यक्ष वापरात किती, एवढे दरवर्षी संसदेपुढे ठेवल्याने शत्रूच्या हाती काही लागत नाही. शिवाय सगळीकडून सगळे उठवण्याचीही गरज नसते. अमेरिकी नौदलाचे रडार ज्या पट्ट्यात चालते, तोच पट्टा २०१५च्या नियमांनी इतरांनाही खुला झाला. जहाज जवळ आले की किनाऱ्यावरचे संवेदक ते टिपतात आणि बाकीच्यांना त्या वारंवारतेवरून हटवले जाते. लडाखमध्ये सैन्याला जो पट्टा रात्रंदिवस लागतो, तो सोलापुरात मोबाइलला का मिळू नये, याचे उत्तर तांत्रिक असेल तर दूरसंचार खात्याने ते लेखी द्यावे.