क्वांटमच्या वेगावर भिस्त नको

दोन गुंतलेले कण घ्या. एक पृथ्वीवर ठेवा, दुसरा प्रॉक्सिमा सेंटॉरीपाशी न्या. इथल्या कणाची मोजणी केली की तिथल्याचं उत्तरही त्याच क्षणी ठरतं. मग ४.२४ वर्षं रेडिओसंदेशाची वाट कशाला पाहायची? हा प्रश्न खुळचट नाही. गुंतलेल्या फोटॉनांवरच्या प्रयोगांनाच २०२२ चं नोबेल मिळालं आणि चीनच्या मोझी उपग्रहाने २०१७ मध्ये असे जोडफोटॉन बाराशे किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांवर पोचवून दाखवले.

मेख अशी की, मोजणीत ‘वर’ येणार की ‘खाली’, हे मोजणाऱ्याच्या हाती नसतं. पलीकडच्याला दिसते ती नुसती बेभरवशाची ओळ, वर, खाली, खाली, वर. इकडे कुणी मोजलं की नाही, एवढंही तिच्यावरून कळत नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की मगच मेळ दिसतो, आणि यादी धाडायला पुन्हा रेडिओ किंवा लेसरच लागतो. गुंतलेल्या कणांच्या साह्याने क्वांटम अवस्था दूर धाडणाऱ्या क्वांटम टेलिपोर्टेशनचीही यातून सुटका नाही. वेगाच्या आशेवर पाणी सोडलेलं बरं.

तरीही विषय निकालात निघत नाही. एडिंबरा विद्यापीठाचे अर्जुन बेरेरा यांनी २०२० साली हिशेब मांडला, की ताऱ्यांमधल्या विरळ अवकाशात फोटॉनची क्वांटम अवस्था फार दूरपर्यंत टिकू शकते. वाट मोकळी आहे, पण पोचणार किती? २०२४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॅथम बॉयल यांनी दाखवलं, की निम्म्याहून अधिक फोटॉन गळाले तर क्वांटम माहिती पलीकडे शाबूत जात नाही. ही गळती रोखायची तर अगदी शेजारच्या ताऱ्यासाठीही सुमारे १०० किलोमीटर व्यासाच्या दुर्बिणी लागतील. चिलीत सध्या उभी राहत असलेली महाकाय दुर्बीण ३९ मीटरची आहे! बॉयल पुढे सुचवतात, की ज्या परग्रहवासीयांकडे एवढी दुर्बीण असेल त्यांना आपल्याकडे ती नाही हे लांबूनच दिसेल. मग ते क्वांटम संदेश पाठवतील कशाला? विश्वातल्या शांततेचं हे स्पष्टीकरण कल्पक आहे, पण जरा जास्तच सोयीचं. शिवाय नुसतं ‘आम्ही आहोत’ कळवायला क्वांटम अवस्था जपण्याची गरजच नाही. १९७४ मध्ये अरेसिबोच्या रेडिओदुर्बिणीवरून ताऱ्यांकडे धाडलेला संदेश अवघ्या १,६७९ बिटांचा होता.

क्वांटमचा खरा उपयोग मला ऐकण्यात दिसतो. डिसेंबर २०२३ मध्ये ‘सायकी’ यानाने ३.१ कोटी किलोमीटरवरून लेसरने एका मांजराची चित्रफीत पाठवली. पालोमारच्या दुर्बिणीवर ती टिपली एकेक फोटॉन मोजणाऱ्या अतिवाहक शोधकाने, म्हणजे अस्सल क्वांटम उपकरणाने. वेळ लागला १०१ सेकंद, प्रकाशाला लागतो तेवढाच. परक्या ताऱ्याभोवतून लेसरची एखादी तिरीप आलीच, तर ती पकडायला असेच शोधक लागतील, आणि पैसा आधी त्यांच्यावर खर्चावा. रेडिओलाही इतक्यात मोडीत काढू नये. मंगळावर उतरणाऱ्या स्कियापारेली यानाचा क्षीण संकेत २०१६ मध्ये नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओदुर्बिणीने पकडला, तो रेडिओवरच.