सगळे एकाच वेळी नको

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीचे एक सदोष अपडेट जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना ठप्प करून गेले. ७८ मिनिटांत ते मागे घेतले गेले, पण तोवर ते सर्वत्र पोहोचले होते. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येईनात. अमेरिकेतही अनेक रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्यानंतर कंपनीने अशी अपडेट टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरवले.

हाच धडा रुग्णनोंदींच्या डेटाबेसलाही लागू पडतो. मोठ्या आरोग्ययंत्रणेत नोंदी अनेक सर्व्हरवर, वेगवेगळ्या शहरांतील डेटा सेंटरमध्ये विखुरलेल्या असतात. बहुधा प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती असतात आणि त्यांतील दोन उपलब्ध असल्या तरी काम चालते. म्हणूनच एकेक सर्व्हर बंद करून त्यावर नवी आवृत्ती चढवता येते. याला 'रोलिंग अपग्रेड' म्हणतात.

मात्र एक सर्व्हर बंद असताना हाताशी राखीव काही उरत नाही. त्याच वेळी दुसरा आजारी पडला, तर त्या नोंदींचे कामच थांबते. त्यामुळे सगळे सर्व्हर धडधाकट असतानाच सुरुवात करावी. परत आलेल्या सर्व्हरने मधल्या काळातील नोंदी भरून घेतल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये. सकाळी नोंदवलेली पेनिसिलीनची ॲलर्जी दुपारी जुन्या प्रतीत दिसली नाही, तर इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरला ते कळणार कसे?

आधी एकच डेटा सेंटर पूर्ण करावे, काही दिवस निरीक्षण करावे, मगच दुसऱ्याकडे वळावे. जुन्या-नव्या आवृत्त्या एकत्र नांदत असताना तक्त्यांची रचना बदलू नये, नवे सर्व्हरही जोडू नयेत. सर्वांत नाजूक प्रश्न परतीचा. माहिती एकदा नव्या स्वरूपात लिहिली गेली की जुन्या आवृत्तीला ती बहुतेकदा वाचता येत नाही. तेव्हा बॅकअपच कामी येतो, तोही आधी प्रत्यक्ष उघडून पाहिलेला. तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद तिन्ही ठिकाणी पुसली जाते.

हे केवळ आयटी विभागाचे काम नाही. ओपीडीच्या गर्दीची वेळ आणि डेंग्यूचा हंगाम टाळायचा, हे डॉक्टरांनीच सांगायला हवे. वॉर्डात छापील केसपेपर तयार हवेत. 'थांबा' कोण म्हणणार, हेही आधीच लिहून ठेवलेले हवे.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. आपल्याकडचे केसपेपरही आता पडद्यावर येत आहेत. रुग्णालय नवी प्रणाली आणते, तेव्हा तिच्यात काय नवीन आहे हे आपण विचारतोच. ती बिघडली तर त्या रात्री अपघात विभाग कसा चालेल, हेही विचारायला हवे.