उतार कुठंय, मॅडम?

चार फूट. आपल्या घरातल्या डायनिंग टेबलाएवढं अंतर. समोर १०८ मिलिमीटर रुंदीचं होल, हातात पटर, बॉल गपगार पडलेला. वारा नाही, समोर बॉलर नाही, घाई नाही. आणि तरीही मी तो पट चुकवला! थोडक्यात वगैरे नाही हं, चांगला दोन इंच उजवीकडून गेला.

झालं असं की, ज्या कंपनीचं न्यूजलेटर मी लिहून द्यायचे (फ्रीलान्सरचं घर अशाच गोष्टींवर चालतं, काय करणार!), त्यांचा गोल्फचा कार्यक्रम होता. गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. चौघांत एक जण कमी पडला आणि मी सात महिने गोल्फ शिकतेय हे कुणाला तरी आठवलं. जोडीला कोण, तर माझी बिलं पास करणारे साहेब. अठराव्या होलवर माझा पट गेला असता तर आमची जोडी जिंकली असती. नाही गेला. साहेब म्हणाले, ‘इट्स ओके, होतं असं.’ ज्या आवाजात म्हणाले त्यावरून काही ओके नाही हे कळत होतं. माझं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपलं आणि पुढं वाढलं नाही. त्याचा आणि त्या पटचा काही संबंध नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी रात्री झोप येत नसली की मला तोच पट दिसतो.

माझी बॅग उचलणारे कॅडी काका तेव्हा काहीच बोलले नव्हते. पार्किंगपर्यंत आले, बॅग डिकीत ठेवली आणि मग हळूच म्हणाले, ‘मॅडम, मारलात बरोबर. बघितलंत चुकीचं. उतार कुठं होता?’

मी म्हटलं, ‘उतार होता?’

‘म्हणजे बघा!’ काका म्हणाले.

पोपट झाला म्हणजे काय, तो असा.

तर दोस्तहो, आज बघण्याबद्दल. आपण सगळे गोल्फ शिकायला जातो म्हणजे रेंजवर जाऊन बादलीभर बॉल धोपटतो. ड्रायव्हर किती लांब जातो, ग्लोव्ह कुठल्या कंपनीचा, पोलो टीशर्ट कुठला... आणि बॉलनं आपल्याला काय सांगितलं याकडं ढुंकून बघत नाही. बॉल मात्र दर वेळी खरं सांगत असतो. त्याला तुमचं डेसिग्नेशन माहीत नसतं.

आधी ग्रीन. होलभोवतीचा तो अगदी बारीक कापलेल्या गवताचा भाग. टीव्हीवर तो कॅरमबोर्डसारखा सपाट दिसतो आणि तिथंच फसगत होते. सपाट ग्रीन कुणी बांधतच नाही, कारण पावसाचं पाणी वाहून जायला हवं. काकांचा पहिला धडा हाच होता. ‘इथं टँकर रिकामा केला तर पाणी कुठं जाईल?’ बॉल पाण्याच्याच वाटेनं जायला बघतो. आणि हे ग्रीनवर पोचल्यावर बघायचं नाही, तीस-चाळीस पावलं आधीच, चालत येतानाच बघायचं. लांबून अख्ख्या जमिनीचा कल दिसतो, जवळ गेल्यावर डोळे फसतात. मी तेव्हा मोबाइल बघत असायचे. आता ठेवते खिशात.

मग बॉलच्या मागं बसून एकदा होलकडं बघायचं. एवढं तर सगळेच करतात, ते फोटोतसुद्धा बरं दिसतं. पण खरी गंमत पुढं आहे. ग्रीनची जी बाजू खाली आहे तिकडं जाऊन, बॉल आणि होल यांच्या मधोमध उभं राहून वर बघा. हातात पुस्तक धरतो तेव्हा ते आपल्याकडं कललेलं असतं म्हणून नीट दिसतं ना, तसंच. खालून उतार दिसतो, वरून लपतो. आणि डोळ्यांवर भरवसा नसेल तर पायांना विचारा. पटच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून दोन सेकंद नुसतं उभं राहायचं. कुठल्या पायावर जास्त भार येतो? तो पाय खाली, बॉल त्या बाजूला वळणार. पायानं उतार ओळखायच्या या कलेवर आता एमपॉइंट नावाची रीतसर पद्धत आहे, मोठमोठे प्रो ती शिकतात. काका मात्र हे चपला घालायच्या वयापासून करतायत.

यापुढचा भाग मला कळायला सर्वांत जास्त वेळ लागला. वळण हे फक्त उताराचं नसतं, वेगाचंही असतं. एकाच उतारावर बॉल जोरात मारला तर कमी वळतो, हळू मारला तर जास्त. म्हणून ‘किती डावीकडं मारू?’ या प्रश्नाला एकटं उत्तरच नाही, आधी किती जोरात मारणार ते ठरवा. बहुतेक कोच सांगतात की, होल चुकलंच तर बॉल पुढं फूट-दीड फुटावर थांबेल एवढा वेग ठेवा. त्याहून जोरात गेलेल्या बॉलला होल लहान होतं, काठाला लागून तो बाहेर फिरतो. आणि बॉल सर्वांत जास्त कुठं वळतो? शेवटच्या तीन फुटांत, कारण तिथं त्याची ताकद संपत आलेली असते. तेव्हा लांबचा पट असेल तर सगळी रेषा घोकण्यापेक्षा होलच्या आजूबाजूची जमीन जास्त निरखा. उतारावरून खाली जाणारा पट हळू मारावा लागतो म्हणून जास्त वळतो, चढावरचा कमी. साधा हिशोब आहे. पण होलसमोर उभं राहिलं की हिशोब विसरतो.

गवताचंही ऐकावं लागतं. आपल्याकडं ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत खूप ठिकाणी असतं आणि त्याला मखमलीसारखी लव असते. मखमलीवरून एका बाजूनं हात फिरवला तर चमकते, उलट फिरवला तर काळपट दिसते. ग्रीनही तसंच. समोरचा पट्टा चमकत असेल तर लव तुमच्यापासून लांब पडलेली आहे, बॉल सुसाट जाणार. काळपट दिसला तर लव तुमच्याकडं आहे, थोडा जोर लावा. (मशीननं कापल्यावरही हलके-गडद पट्टे पडतात, ते वेगळे. मी आधी त्यांनाच लव समजत होते. असो.) होलचा काठ जिथं फाटल्यासारखा दिसतो त्या बाजूला लव पडलेली असते, हीसुद्धा काकांची खूण. आणि पहाटे सहाला खेळायचा एक फायदा सांगते. ग्रीनवर दव असतं आणि तुमच्या पुढच्या ग्रुपच्या बॉलच्या रेघा त्यावर उमटलेल्या असतात. कुठून निघाला, कुठं वळला, सगळं छापील. फुकटची उत्तरपत्रिका! नियमात काही अडचण नाही. तुम्ही स्वतः बॉल घरंगळवून किंवा गवत घासून ग्रीनची परीक्षा घेणं मात्र मॅच चालू असताना चालत नाही. दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर पाय देऊ नका, हेही जाता जाता.

आता हवेतला बॉल. इथं तर आपल्या कोचांनीच, आणि त्यांच्या कोचांनी, वर्षानुवर्षं उलटं शिकवलं. जुना फंडा असा होता की क्लब ज्या वाटेनं येतो त्या दिशेला बॉल सुटतो आणि क्लबचा फेस जिकडं बघत असेल तिकडं शेवटी वळतो. २०००च्या दशकात डॅनिश कंपनीच्या ट्रॅकमनसारखी रडार रेंजवर आली आणि चित्र पालटलं. बॉल सुटतो तो मुख्यतः फेस जिकडं बघतोय तिकडं. आयर्ननं मारला तर सुरुवातीच्या दिशेचा साधारण ७५ टक्के वाटा फेसचा, ड्रायव्हरला साधारण ८५. आणि वळतो तो फेस आणि वाट यांच्यात जेवढा फरक असेल त्यामुळं. बॉल आणि क्लब यांची भेट साधारण अर्धा मिलिसेकंद टिकते, तेवढ्यात सगळं ठरून जातं. नंतर तुम्ही कंबर वाकवून ‘वळ, वळ’ म्हणत राहा.

हे माहीत नसलं की काय वाट लागते बघा. उजव्या हातानं खेळणारा नवखा माणूस स्लाइस मारतो, म्हणजे बॉल जातो-जातो आणि उजवीकडं पळतो. मग तो काय करतो? अजून डावीकडं उभा राहतो आणि क्लब डावीकडं ओढतो. झालं! वाट अजून डावीकडं गेली, फेस तिच्या मानानं अजून उघडा पडला, फरक वाढला आणि बॉल पहिल्यापेक्षा जास्त उजवीकडं पळाला. म्हणजे औषधानंच आजार वाढला. मी पाच महिने हे इमानदारीत केलंय. त्याऐवजी प्रत्येक बॉलला दोनच प्रश्न विचारा. सुटला कुठं? वळला कुठं? सुटला त्यावरून फेस कळतो, वळला त्यावरून वाट. उजवीकडं सुटून आणखी उजवीकडं गेला तर आधी फेस बघा, म्हणजे ग्रिप बघा. डावीकडं सुटून उजवीकडं वळला तर क्लब बाहेरून आत येतोय. एक पोटकलम आहे. बॉल फेसच्या मधोमध लागला असेल तरच हे गणित जमतं, टोकाला किंवा बुडाला लागला की स्पिन बदलतो. कुठं लागतोय ते बघायला ऑफिसमधला व्हाइटबोर्डचा मार्कर आणा, बॉलवर ठिपका काढा, मारा, फेसवर छाप बघा. खर्च शून्य.

आणि बॉल मुळात एवढा वेळ हवेत राहतो कसा? बॅकस्पिनमुळं. एडिंबराचे प्रोफेसर पीटर गथ्री टेट यांनी १८९०च्या दशकात हे मांडलं. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ची अमॅच्युअर चॅम्पियनशिप जिंकला, तेव्हा घरात जेवताना काय गप्पा होत असतील! बॅकस्पिन वेगळा आणि साइडस्पिन वेगळा असंही नसतं बरं का. स्पिन एकच, त्याचा अक्ष कललेला. वळणावर बाईक कलते तसा बॉल कललेला फिरतो आणि त्या बाजूला जातो. बॉलवरचे खड्डेही शोभेचे नाहीत. नव्या गुळगुळीत बॉलपेक्षा टोचे पडलेले जुने बॉल चांगले उडतात हे लोकांच्या लक्षात आलं होतं, आणि १९०५मध्ये विल्यम टेलर नावाच्या इंग्लिश इंजिनिअरनं खड्ड्यांच्या पेटंटसाठी अर्ज केला.

एवढं सगळं कशासाठी, तर ७ ऑगस्ट २०२१ची सकाळ आठवा. शनिवार होता. बर्डी म्हणजे काय हे माहीत नसलेले अर्धे पुणेकर टीव्हीसमोर बसून अदिती अशोकला टोकियोत खेळताना बघत होते. तिचे ड्राइव्ह समोरच्यांच्या मागं पडायचे, बॅग आईनं उचललेली, आणि मेडलच्या शर्यतीत ती टिकली ती ग्रीनवर. शेवटच्या होलवरचा बर्डीचा पट हुकला आणि एका शॉटनं चौथी आली. त्या दिवशी आमच्या घरात माझी आजी म्हणाली, ‘हिला जोर कमी पडतो, पण नजर आहे.’ आजीला गोल्फमधलं ग म्हणता काही कळत नाही.

नजर कॅडींना असते, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. सांगितलेली लाइन चुकली की टिप कमी होते. १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल अली शेर हा दिल्लीत कॅडी म्हणूनच या खेळात आला होता. आमच्या काकांना मात्र आता मुलगा सांगतो की हे काम सोडा, मी कमावतो. आणि मेंबर मंडळी मोबाइलवर ग्रीनचे नकाशे घेऊन येतात. ‘विचारत नाहीत आता फारसे,’ काका म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. मीही त्या अठराव्या होलवर विचारलं नव्हतं. साहेबांसमोर कॅडीला विचारलं तर येत नाही असं वाटेल, म्हणून.

आमच्याकडं सोमवारी कॅडी खेळतात. गेल्या सोमवारी सुट्टी काढून, म्हणजे एक डेडलाइन बुडवून, मी गेले. बॅग मी उचलली. बॅग कसली, चार क्लब आणि उसना पटर. काका सेव्हन आयर्ननं असा काही मारत होते की मी स्वतःचा ड्रायव्हर विकायचा विचार केला. पाचव्या ग्रीनवर त्यांचा बॉल होलपासून सहा फुटांवर थांबला. ते मागं सरकले, हात कमरेवर ठेवले आणि म्हणाले, ‘बोला ताई. लाइन सांगा.’

मी खालच्या बाजूला गेले. पाय रोवून उभी राहिले. डावा पाय, उजवा पाय. लव बघितली, होलचा काठ बघितला. ‘दीड कप डावीकडं,’ मी म्हटलं.

काकांनी एक शब्द न बोलता बरोबर दीड कप डावीकडं मारला. बॉल सावकाश आला, वळला, आणखी वळला आणि होलच्या खालच्या काठाला चाटून पुढं गेला.

‘दोन होता,’ ते हसत म्हणाले. ‘सगळेच कमी सांगतात.’

आणि राहिलेला फूटभर पट टाकून ते पुढच्या टीकडं चालायला लागले. फ्लॅग लावून, बॅग खांद्यावर मारून मी मागोमाग.