निविदा, न्याय आणि वेळ

सरकारी कंत्राट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ठेकेदार, पुढारी आणि पाकीट एवढेच चित्र उभे राहते. हा विषय वकिलांचा, कला शाखेच्या विद्यार्थ्याला त्याचे काय, असेही कोणी म्हणेल. पण ज्या रस्त्याने आपली एस.टी. येते तो रस्ता आणि गावची पाण्याची टाकी निविदेतूनच उभी राहते. निविदेत अन्याय झाला तर दाद कोठे मागायची, आणि ती मिळते केव्हा, हा म्हणूनच आपणा सर्वांचा प्रश्न आहे.

राज्यशास्त्राच्या अभ्यासात वाचलेला एक खटला माझ्या मनातून जात नाही. १९७७ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने मुंबई विमानतळावर दुसऱ्या वर्गाचे उपाहारगृह व दोन स्नॅक बार चालविण्यासाठी निविदा मागविल्या. अट अशी की, निविदा भरणारा दुसऱ्या वर्गाचा नोंदणीकृत हॉटेलचालक असावा आणि त्याला किमान ५ वर्षांचा अनुभव असावा. काम मिळाले ते मात्र कँटीनचा अनुभव असलेल्या, पण या अटीत न बसणाऱ्या व्यावसायिकांना. त्यांनी देऊ केलेली दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे ही रक्कम सर्वांत जास्त होती. रमण दयाराम शेट्टी यांनी या निर्णयाला आव्हान दिले. त्यांनी स्वतः निविदा भरलीच नव्हती! त्यांचे म्हणणे असे की, ही अट पाळली जाणार नाही हे आधी कळते, तर आपणही निविदा भरली असती.

मला या युक्तिवादाचे मोल फार वाटते. अट मोडली की केवळ हरलेल्याचेच नुकसान होते असे नाही. जो अट वाचून, ‘आपण यात बसत नाही’ असे म्हणून प्रामाणिकपणे घरी बसला, तोही फसतो. आणि त्याचे नाव कोणत्याही फायलीत नसते.

मुंबई उच्च न्यायालयात शेट्टींना यश आले नाही. सर्वोच्च न्यायालयात ४ मे १९७९ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. सरकारी संस्थेला मर्जीप्रमाणे कृपा वाटता येत नाही, स्वतः घातलेली अट तिने स्वतः पाळलीच पाहिजे, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. पण कंत्राट रद्द झाले नाही! याचिका पाच महिन्यांहून अधिक उशिरा आली होती, कंत्राटदारांचा सुमारे सव्वा लाख रुपये खर्च होऊन गेला होता, आणि अर्जदार दुसऱ्याच कोणासाठी लढत असावा असाही न्यायालयाला संशय होता. तत्त्व जिंकले, अर्जदार हरला.

पुढे १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात न्यायालयाने आपली मर्यादाही आखली : निर्णय बरोबर की चूक हे नव्हे, तर तो ज्या रीतीने घेतला ती रीत न्याय्य होती का, एवढेच न्यायालय पाहील. हे मला पटते. पूल कोणी बांधावा हे न्यायमूर्तींनी ठरवू नये. हरलेले ठेकेदार निव्वळ आकसाने कोर्टात जातात आणि कामे रखडतात, हा आक्षेपही खोटा नाही. म्हणूनच २०१८ च्या दुरुस्तीने पायाभूत प्रकल्पांच्या दाव्यांत, काम अडेल अशी मनाई देण्यावर बंधन आले.

पण मग दाद मागावी कोठे? तामिळनाडूने १९९८ साली व राजस्थानने २०१२ साली कायदे करून निविदाधारकाला अपिलाची वाट दिली, मात्र ते अपील ऐकणार शासन किंवा शासनाने नेमलेला अधिकारीच. केंद्राचे २०१२ चे सार्वजनिक खरेदी विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि १५ वी लोकसभा संपताच बारगळले. युरोपीय संघात निकाल कळविल्यानंतर करारावर सही करण्यापूर्वी सामान्यतः निदान १० दिवस थांबावे लागते. अमेरिकेत शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाकडे तक्रार केली तर १०० दिवसांत निर्णय होतो, आणि तक्रार वेळेत आली असेल तर एरवी तोवर काम थांबते.

आपल्याकडेही असेच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे : निवडीची कारणे लेखी द्यावीत, सही करण्याआधी थोडे दिवस थांबावे, आणि खात्याबाहेरच्या मंडळाने ठरल्या मुदतीत निकाल द्यावा. खोडसाळ तक्रारीला दंडही असावा. त्याने काम रखडणार नाही, उलट वर्षानुवर्षांची कोर्टबाजी टळेल.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी तहसील कचेरीत असेल, कोणी नगरपालिकेत, तर कोणी स्वतःच निविदा भरील. सव्वा लाख खर्च होऊन गेल्यावर मिळणारा न्याय हा पुस्तकात शोभतो. सहीची शाई उमटण्यापूर्वी मिळेल, तोच माणसाच्या उपयोगी पडेल.