शेंडेनक्षत्राचें भय

शेंडेनक्षत्र दिसलें कीं अरिष्ट ओढवतें, ही समजूत आमच्या मालगुंडासारख्या गांवांतून अजून पुरती गेलेली नाहीं. म्हणून एकच उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

मॅकहोल्झ नांवाचा धूमकेतु सुमारें सव्वापांच वर्षांनीं सूर्याच्या भेटीस येतो आणि बुधाच्या कक्षेच्याही आंत शिरून, दोन कोटी किलोमीटरांहून कमी अंतरावरून परत फिरतो. ३१ जानेवारी २०२३ रोजीं तो असाच येऊन गेला. सूर्यबिंब तबकडीनें झांकून पाहणाऱ्या 'सोहो' यानानें त्याचीं छायाचित्रें घेतलीं. पुढील फेरी २०२८ सालीं आहे. ज्याच्या आगमनाचा दिवस गणितानें आधींच सांगतां येतो, तो कोपाचा दूत कसा? तो तर सृष्टिकर्त्याच्या नियमाचा आज्ञाधारक सेवक होय.

१९८६ सालीं त्यास हुडकून काढिलें तें कोणा मोठ्या वेधशाळेनें नव्हे, तर वर्षानुवर्षें रात्रीं जागून आकाश धुंडाळणाऱ्या डोनाल्ड मॅकहोल्झ या अमेरिकन हौशी निरीक्षकानें.

तेव्हां पालकहो, रात्रीं पुळणीवर आकाश न्याहाळणाऱ्या मुलास भय घालून घरांत बोलावूं नका. त्याच्या हातीं ताऱ्यांचा नकाशा द्या.