‘सी’ म्हणजे ‘पाहणें’, एवढेंच काय?

‘सी म्हणजे पाहणें’ असें इंग्रजीच्या आरंभींच मुलगा घोकतो आणि त्या शब्दाचा निकाल लागला असें समजतो. घोकलेल्या शब्दांची संख्या ऐकून पालकांसही समाधान वाटतें. परंतु अशा पाठांतरास भाषाज्ञान म्हणतां येत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या लहानशा क्रियापदाचा व्यवहार पाहा. इंग्रज मनुष्य ‘आय सी’ म्हणतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें कांहीं आलेलें नसतें. त्याला आपलें म्हणणें समजलेलें असतें. डॉक्टरला ‘सी’ करणें म्हणजे प्रकृति दाखविण्यास जाणें. मित्राला ‘सी ऑफ’ करणें म्हणजे त्यास निरोप देण्यास जाणें. एखाद्या कामाचें ‘सी टु’ करणें म्हणजे त्याची व्यवस्था लावणें. आणि लबाडास ‘सी थ्रू’ करणें म्हणजे त्याचें कपट ओळखणें. ज्याच्यापाशीं ‘पाहणें’ हा एकच अर्थ आहे, तो येथें पावलोपावलीं अडखळणार!

बरें, मूळ अर्थांतही भेद आहे. हेतुपूर्वक नजर लावणें तें ‘लुक’, नजरेस पडणें तें ‘सी’, आणि हालचालीकडे लक्ष ठेवून राहणें तें ‘वॉच’. मराठी ‘पाहणें’ तिन्ही ठिकाणीं चालतें, म्हणून मुलें ‘लुक’च्या जागीं ‘सी’ घालून मोकळीं होतात. तथापि ‘मीं पाहिलें, पण मला दिसलें नाहीं’ हें वाक्य घरोघरीं बोललें जातें. त्यांतील पहिलें क्रियापद ‘लुक’, दुसरें ‘सी’. व्याकरणकारास जो भेद समजावून सांगावा लागतो, तो मुलाच्या जिभेवर आधींच असतो!

आपलें ‘पाहणें’ही कांहीं केवळ डोळ्यांचें नव्हे. वैद्य नाडी पाहतो ती बोटांनीं, गृहिणी मीठ पाहते तें जिभेनें. आपण वाट पाहतों. कोणी सहनशीलतेचा अंत पाहतो, तर कोणी शेजाऱ्यास पाण्यांत पाहतो. पाहणें व समजणें यांचें नातें तर फारच जुनें आहे. संस्कृतांत ‘जाणणें’ या अर्थाचा ‘विद्’ धातु आणि लॅटिनमधील ‘पाहणें’ या अर्थाचें ‘विदेरे’ हीं एकाच मुळाचीं होत. म्हणजे आपली ‘विद्या’ आणि इंग्रजांचें ‘व्हिजन’ एकाच कुळांतलीं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला आणि शेवटचा १९२८ सालीं. इतकीं वर्षें लागण्याचें एक मोठें कारण हें, कीं अर्थ ठरविण्यासाठीं त्या पंडितांनीं शब्दांचे प्रयोग असलेलीं असंख्य वाक्यें जमविलीं. मग आपण एका शब्दापुढें एक अर्थ लिहून स्वस्थ कसें बसावें?

इंग्रजी सुधारण्यासाठीं मुलाचीं मराठी पुस्तकें दूर ठेवणारे पालक हातचा दिवा विझवून वाट शोधावयास सांगतात. विद्यार्थ्यांनो, रोज एकच इंग्रजी शब्द घ्या. त्याचीं पांच वाक्यें लिहा, आणि तीच गोष्ट तुमची आई मराठींत कशी बोलेल तें शेजारीं मांडा. वर्षअखेर वही लहान दिसेल, पण त्यांतील प्रत्येक शब्द तुमचा स्वतःचा झालेला असेल.